उशीचा नंबर



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला की तो बोनस, महागाई नाही तर कायदा यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज उशीवर बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ हसले. त्यांचा काही दोष नाही. पण उशीपायी आमची एकदा जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून हा विषय आम्ही का घेतला हे कळायचे नाही.

एका कारखान्यात रातपाळीच्या लोकांना मधल्या सुट्टीत पाठ टेकायला एक खोली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत विश्रांतीची जागा बंधनकारक केली होती. त्यामुळे खोली होती, सतरंज्या होत्या, उशा मात्र नव्हत्या. कोणी सदरा गुंडाळून घेई, कोणी हाताचीच उशी करी. आम्ही मागणीपत्रात ‘चाळीस उशा’ असे कलम घातले, तीन बैठका भांडलो, आणि उशा आल्या. सगळ्या टणक फोमच्या, एका साच्यातल्या, चांगल्या आठ बोटे उंच. द्वारसभेत आम्ही ‘आणखी एक विजय’ म्हणून त्यांचा उल्लेखही केला.

महिन्याभराने जाऊन पाहतो तो निम्म्या उशा कोपऱ्यात रचलेल्या आणि लोक पुन्हा सदऱ्यावर! दोघातिघांच्या माना धरलेल्या. आम्ही चिडलो. तेव्हा निवृत्तीला टेकलेले एक तात्या शांतपणे म्हणाले, “भाऊ, बूट मागितलेत तेव्हा घरटी नव्हे, माणसागणिक नंबर लिहून घेतलात. उशीचा नंबर कुणाला विचारलात?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. सर्वांना सारखे मिळावे म्हणून निम्मी हयात घालवली, आणि सारखे म्हणजे एका मापाचे नव्हे, हे आम्हांला उशीकडून शिकावे लागले. आमची शाळा आठवीतच सुटली. तेव्हापासून जे अडेल ते जाणत्याला विचारायचे आणि वाचून काढायचे, ही सवय. तसे हेही काढले.

माणसाचे डोके पाच किलोच्या आसपास भरते आणि ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. दिवसभर हा भार मानेचे स्नायू सांभाळतात. रात्री त्यांना सुट्टी मिळायला हवी. ती उशीने द्यायची. डोके आणि अंथरूण यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढणे, एवढेच उशीचे काम. पोकळी जेवढी, उशी तेवढी.

कुशीवर झोपणाराची पोकळी खांद्याएवढी. घरी गेल्यावर भिंतीला खांदा लावून, मान सरळ ठेवून उभे राहा आणि कान व भिंत यांतले अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. डोक्याच्या भाराने दबल्यावर उशी साधारण तेवढी उरली पाहिजे. रुंद खांद्याच्या हमालाला आणि त्याच्या किडकिडीत मुलाला एक उशी कशी पुरेल? उताण्या झोपणाराला पातळ उशी हवी. हनुवटी छातीकडे झुकली की उशी जास्त झाली असे समजावे. पालथे झोपणाराने उशी न घेतलेलीच बरी. त्यात अंथरुणाचाही हिशेब असतो. सतरंजीवर खांदा रुतत नाही, म्हणून कुशीवर झोपताना उशी जाड लागते. मऊ गादीत खांदा आत जातो, तेथे तीच उशी उंच होते. आणि पुष्कळ लोक खांदाच उशीवर चढवतात, मग उशीला दोष देतात. खांदा खाली, मान उशीवर. (मागच्या रांगेतील दोघे उशीवाचूनच झोपले आहेत. त्यांना उठवू नये.)

आत काय भरावे, यावर आम्ही फार भांडत नाही. कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात, पण उसवून पिंजून घेता येतो, आणि थोडा काढून-घालून उंची जुळवता येते; हा गुण दुसऱ्यांत तेवढा नाही. सावरीचा कापूस हलका आणि मऊ. फोम आकार धरतो, पण गरम होतो आणि उन्हात ठेवला की लवकर खराब होतो. पॉलिस्टर धुता येते, मात्र लवकर चपटे होते. मधोमध दुमडून सोडलेली उशी उलगडली नाही, तर तिची नोकरी संपली.

आयाबायांना एक सांगणे. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करण्याची आपली चाल आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी देऊ नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो, असे आता डॉक्टर सांगतात. आजीबाईंचा राग पत्करावा आणि ऐकावे. तसेच मानेची कळ हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर उशा बदलत बसू नये, डॉक्टर गाठावा.

पुढच्या करारात आम्ही भिंतीला लोक उभे करून मापे घेतली. थट्टा पुष्कळ झाली. कापसाच्या, दोन जाडींच्या चाळीस उशा मागितल्या, पंचवीस मिळाल्या. तात्या तोवर निवृत्त झाले होते.