ग्रहण आणि दोरा



मला विषय दिला आहे ‘सत्याचा शोध’. विषय मोठा, माझा वकूब लहान. म्हणून घरातलीच एक हकीगत सांगतो.

16 फेब्रुवारी 1980 रोजी सूर्यग्रहण झाले. कर्नाटकाच्या काही भागात ते खग्रास दिसले, आमच्या कोकणात खंडग्रास. माझी भाभी तेव्हा गरोदर होती. ताईत देणाऱ्या एका बाबांनी अम्माला बजावले होते की, ग्रहणात तिने सुरीला हात लावू नये, पाणी पिऊ नये, उजेडात येऊ नये आणि कमरेला त्यांनी फुंकलेला दोरा बांधावा. दोऱ्याचे एकवीस रुपये. खिडक्यांना गोधड्या लावून भाभीला कोठीच्या खोलीत बसवले. त्या कोंदट काळोखात तिला घेरी आली आणि ती पाट्यावर पडली. कपाळावरची खोक अजून आहे. मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकत होतो. ग्रहण कसे लागते याची आकृती मला पाठ होती. आणि दोरा आणायला मीच गेलो होतो!

आता पैगंबरसाहेबांच्या (स.) घरातले पाहा. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूने सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते. गप्प राहिले असते तरी चालले असते. पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही; ग्रहण दिसले तर नमाज पढा, दुआ मागा. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. दोऱ्याचा तिच्यात उल्लेख नाही.

विद्यार्थ्यांनी इमाम गझाली (1058–1111) यांचे चरित्र अवश्य वाचावे. बगदादच्या निजामिया मदरशाचे ते नामवंत अध्यापक. 1095 मध्ये त्यांना प्रश्न पडला, मी अल्लाहसाठी शिकवतो की नावासाठी? जवळजवळ सहा महिने पाऊल उचलेना. शेवटी वर्गात जिभेतून शब्द फुटेना, अन्न घशाखाली उतरेना, तेव्हा मानमरातब सोडून ते दमास्कसला गेले. एवढ्या मोठ्या माणसाला सहा महिने लागले, तर आपल्यासारख्यांना किती लागतील? पुढे आत्मकथनात त्यांनी बजावले की, ग्रहणाचे सिद्ध झालेले गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. कारण ज्याला गणित कळते तो गणितावर नव्हे, धर्मावरच शंका घेऊ लागतो.

आमच्या मौलवीसाहेबांनी ती हदीस अम्माला समजावून सांगितली. तिने ऐकले, डोळे पुसले, बाबांचे येणे बंद केले. मात्र ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तर तळाशी कागदाच्या पुडीत तो दोरा होता. मला तिचा राग आला नाही. भीती घालणारा एका दुपारी घालून जातो.

2 ऑगस्ट 2027 रोजी खुद्द मक्केत खग्रास सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे ते संध्याकाळी खंडग्रास दिसेल. तुमच्या घरात तेव्हा एखादी लेक किंवा सून गरोदर असेल. तिने पाणी मागितले तर मातांनो, तुम्ही काय कराल? आणि मुलांनो, तुम्हाला कोणी दोरा आणायला पाठवले तर?