मुळशीची माणसं मोजताना

श्रोतेहो, आपल्या तालुक्यात माणसं किती, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं वाटतं. २०११ च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १,७१,००० भरली. आकडा खरा, पण या एका आकड्यात दोन मुळशी बसल्या आहेत.

एक पूर्वेकडची. हिंजवडी, पिरंगुटला कारखाने आले, संगणकाचा उद्योग आला आणि त्यांच्यामागून परप्रांतांतले लोक राहायला आले. म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक ही गावं तर २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. पौड सोडून ताम्हिणीकडे निघालात की दुसरी मुळशी लागते. भातखाचरं, धो धो पाऊस आणि दूरदूरच्या वाड्या. मराठा शेतकरी, बौद्ध, गवळी धनगर आणि कातकरी ही इथली जुनी वस्ती. मुळा-निळा संगमावरच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो याच मावळ्यांच्या जमिनींसाठी. जमिनी पाण्याखाली गेल्या. कितीक घरं तेव्हाच पांगली.

आजही पांगतात ते कातकरी. खैरापासून कात काढणारे म्हणून हे नाव पडलं. कात गेला, कोळसा गेला. आता दिवाळी सरली की बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मागे ऐन माघात मी एका कातकरी वस्तीत गेलो होतो. बहुतेक झोपड्यांना ताटी लावलेली. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, माणसं भट्टीला गेली. मी नि कुत्रं राखण करतोय.”

आता गणना कधी होते पाहा. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस मोजणी झाली. नियम असा की, या वीस दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, त्याला घरी लिहायचं नाही. असेल तिथे लिहायचं. नियम चांगला आहे. पण भट्टीवर कुणी पोचलंच नाही, तर तो माणूस वस्तीवरही नाही आणि भट्टीवरही नाही! ग्रामपंचायतीतल्या आदिवासींच्या राखीव जागा याच आकड्यांवर ठरतात. आकड्यातून गळलेला माणूस तिथूनही गळतो.

२०२१ ची गणना लांबली; पुढची १ मार्च २०२७ या दिवसाला धरून होईल, असं सरकारनं २०२५ साली जाहीर केलं. मोजणीचं काम बहुधा शिक्षकांच्याच हाती येतं. म्हणून गुरुजी, बाई, आपणांस विनंती. बंद ताटी दिसली की शेजाऱ्याला विचारा, “कुठल्या भट्टीवर गेलेत?” आणि आपल्या हद्दीत भट्टी असेल तर तिथं जरूर जा. गावकऱ्यांनीही वाट दाखवावी. मोजणी घरांची नाही, माणसांची आहे.