मॅच संपली की ऊठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाठदुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोमॅटोच्या तोडणीला दिवसभर वाकलेल्या बायका येतात, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा मजूर येतो, नाहीतर रोज एसटीने पुण्याला जा-ये करणारा नोकरदार येतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना माझ्याकडे ही मंडळी येत आली, अजूनही येतात. पण आता त्यांच्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांची मुलंही दिसू लागली आहेत. मुलगा गप्प असतो, बोलते ती आई. "डॉक्टर, याची पाठ दुखती म्हणतोय. काम तर काडीचं करत नाही. नुसता मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो."

आईचं निरीक्षण बरोबर असतं. पण मुलगा घरात का बसला, हेही पाहायला हवं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी कालव्यांनी शिवारात आलं आणि ऊस वाढला. उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली, तिथेच त्याची पिल्लं वाढू लागली. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, यावरूनच प्रश्न किती मोठा आहे ते कळावं. परिणाम असा, की दिवस मावळल्यावर मळ्यातल्या वस्तीवर कोणी आई आपलं पोर अंगणात सोडत नाही. तिचं काही चुकत नाही. सूरपारंब्या, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ संध्याकाळचेच. ती संध्याकाळ दाराआड गेली आणि दाराआड होता मोबाईल. त्यात २०२० साली करोनामुळे शाळाच मोबाईलवर आली, मग तो हातातून काढून घेण्याची सोयही उरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा अनेक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण पोरं दुसऱ्या खेळाकडे वळली, बसायची जागा तीच राहिली.

आता ही मुलं बसतात कशी, ते पाहा. मोबाईलची बॅटरी संपत आलेली असते, चार्जरची वायर हातभर. म्हणून बोर्डाजवळ भिंतीला पाठ टेकायची, मग हळूहळू घसरत कंबर पुढे आणि हनुवटी छातीवर. किंवा दिवाणावर पालथं पडून कोपरांवर भार द्यायचा. दोन्ही हातांत मोबाईल, खांदे कानाला लागलेले, आणि तास-दोन तास हालचाल फक्त अंगठ्यांची.

माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मान सरळ असताना ते मणक्यांवर तोललेलं राहतं. मान खाली गेली की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. २०१४ साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी गणित मांडून दाखवलं, की मान साठ अंश झुकली तर मानेवरचा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. हे संगणकावर केलेलं गणित आहे, प्रत्यक्ष मानेत मोजलेला आकडा नव्हे. पण पाण्याने भरलेली बादली शरीराजवळ धरणं आणि हात लांब करून धरणं यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला ते समजायला अडचण येऊ नये.

कमरेची गोष्ट जरा वेगळी आहे. दोन मणक्यांमध्ये गादी असते. १९६०च्या दशकात स्वीडनचे अल्फ नॅकेमसन यांनी जिवंत माणसाच्या या गादीत सुई घालून दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त असतो असं सांगितलं. पुढे १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे एका माणसाच्या गादीत दिवसभर दाबमापक ठेवून पाहिलं, तर खुर्चीत सैल टेकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमीच निघाला. म्हणजे बसणं हाच गुन्हा, असं काही नाही. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होतं आणि हालचालीने शरीरातले द्रव खेळते राहतात. स्नायूही एकाच ताणात राहिले की थकतात आणि कुरकुरू लागतात. म्हणून घरोघरी चालणारं "ताठ बस, ताठ बस" मला फारसं पटत नाही. दोन तास ताठ बसलेला मुलगाही अवघडतोच. वाकडं बसलास तर बस, पण थोड्या वेळाने दुसऱ्या तऱ्हेने वाकडा हो, असं मी मुलांना सांगतो. ती हसतात, पण ऐकतात.

आणि उठायचं कधी? इथे आईवडिलांनी एक गोष्ट समजून घ्यावी. आई हाक मारते, "जेवायला ये." मुलगा म्हणतो, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं संपत नाहीत आणि भांडण होतं. पण चार मित्र मिळून ऑनलाइन खेळत असतात तेव्हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. कबड्डीत चढाईवर गेलेल्या गड्याला आईने हाक मारावी, तसंच ते. मात्र अशी एक मॅच साधारण अर्ध्या तासात संपते आणि पुढची सुरू होण्याआधी थोडी उसंत असते. ती पाठीची वेळ समजावी. घरात एवढाच नियम करा, की मॅच संपली की ऊठ. लवकर बाद झालास तर लवकर ऊठ. उभं राहून दोन्ही तळवे कमरेवर ठेवायचे आणि पाच-सहा वेळा हलकेच मागे झुकायचं. खांदे मागे गोल फिरवायचे. दहा उठाबशा काढायच्या. शाळांनी उठाबशांना शिक्षा करून टाकलं हे या व्यायामाचं दुर्दैव, एरवी मांड्या आणि कंबर बळकट करायला इतका बिनखर्चाचा प्रकार दुसरा नाही. मग माठातलं पाणी पिऊन यायचं. माठ स्वयंपाकघरात असतो, तेवढंच चालणं होतं.

बसायची जागाही थोडी सुधारता येते. गेमिंगची महागडी खुर्ची घेऊ का, असं मला विचारतात. नको. घरातली प्लास्टिकची खुर्ची चालेल. कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. मांडीवर उशी घेऊन तिच्यावर कोपरं टेकवली की मोबाईल आपोआप वर येतो आणि मान उचलली जाते. लॉटरी लागल्यासारखा फरक पडतो असं नाही, पण पडतो. चार्जरला लांब वायर घ्या, म्हणजे बोर्डाखालची जागा सुटेल. संगणक असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल इतपत त्याच्याखाली जुने दिवाळी अंक सरकवा.

आपल्या भागापुरती एक जास्तीची सूचना. तासन्तास वाकून बसल्यावर कण्याचे बंध सैलावतात आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतात. मुलगा तीन तास खेळून उठतो, तोवर बाहेर पिकअप आलेली असते आणि वडील हाक मारतात, "क्रेट चढवायला ये." नारायणगावच्या बाजारात जाणारं टोमॅटोचं क्रेट वीस किलोंचं. असं पाठीत उसण भरल्याची तक्रार माझ्याकडे तोडणीच्या हंगामात हमखास येते. आणि त्या घराला पुढची तीस वर्षं त्याच पाठीवर शेती करायची असते. तेव्हा आधी दहा-पंधरा मिनिटं त्याला चालू द्या, गोठ्यात चक्कर मारू द्या, मग वजन द्या.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसात सरासरी साठ मिनिटं तरी घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं. संध्याकाळ आपल्या हातून गेली असेल तर ती साठ मिनिटं उजेडात शोधावी लागतील. शाळा सुटल्यावर मैदानावरच अर्धा तास खेळून मुलांनी मिळून घरी यावं, असं काही गावांतले पालक आणि शिक्षक ठरवू शकतात. सकाळी ओसरीवर सूर्यनमस्कार, स्लॅबच्या घराला गच्ची असेल तर दोरीवरच्या उड्या. रविवारी शिवनेरी आहेच. पर्यटक लांबून येऊन चढतात आणि पायथ्याची पोरं पडद्यावरच्या डोंगरात फिरतात, याची मला गंमत वाटते.

दुखू लागलंच तर घाबरून पहिल्याच दिवशी एमआरआयकडे धावू नका. "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा शंभरातल्या ३७ जणांच्या गाद्यांत झीज दिसली होती. कमरेचा पट्टाही तसाच. मोठ्या माणसांच्या जुनाट कंबरदुखीवर तो नेमाने देऊ नये, व्यायाम आणि माहिती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मुलाला तर पट्ट्याची सवय लावूच नका. साधं अवघडलेपण हिंडतं-फिरतं राहिल्याने बहुधा काही दिवसांत ओसरतं.

पण काही लक्षणं वेगळी असतात. मुलाची पाठ तीन-चार आठवडे सतत दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्यामागे मोबाईल आहे असं गृहीत धरू नका. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि तो औषधांनी बरा होतो. पायात मुंग्या येऊन पाऊल उचलेनासं झालं, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर मालिश करणाऱ्याकडे जाऊन एक दिवसही घालवू नये. तिथे माझ्यासारख्याकडेही येऊ नका. रात्र असली तरी गाडी काढा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.