हिवतापाचा जंतू : एक नव्हे, अनेक

(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेब मला बोलवायला घरी आले तेव्हा म्हणाले, "बाई, आरोग्यावर चार शब्द बोला." आरोग्यावर बोलणारे पुष्कळ असतात आणि ऐकणारे लवकर कंटाळतात. म्हणून मी एकच विषय घेतला आहे. मुंबईच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या. सकाळी विरार लोकल, दिवसभर सूक्ष्मदर्शक आणि संध्याकाळी पुन्हा विरार लोकल. या काळात ज्या प्राण्याशी माझा सर्वांत अधिक परिचय झाला, तो म्हणजे हिवतापाचा, अर्थात मलेरियाचा जंतू. त्याच्याविषयी आज मला सांगावयाचे आहे.

हा जंतू अल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने सन १८८० मध्ये अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात प्रथम पाहिला. तो डासातून येतो हे मात्र आपल्याच देशात कळले. सन १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या एका रोग्याला डास चाववून घेतले आणि त्या डासांच्या पोटाच्या भिंतीत जंतूच्या पुटकुळ्या पाहिल्या. या शोधाबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रोग्याचे नाव हुसेन खान. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर जे काम झाले त्यात रॉस यांच्या हाताखाली महंमद बक्ष नावाचा सहायक होता. पाठ्यपुस्तकांत ही दोन नावे नसतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता मूळ मुद्दा. आपण "मलेरिया झाला" असे म्हणतो, जणू तो एकच आहे. माणसाला पछाडणाऱ्या जाती चार-पाच आहेत. आपल्याकडे मुख्यत्वे दोन. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायवॅक्स सहसा जीव घेत नाही, पण यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. फाल्सिपेरम दडून बसत नाही, परंतु मेंदूपर्यंत जाऊन दोन-चार दिवसांत माणूस नेऊ शकतो. मुंबई-वसईकडे व्हायवॅक्सचे प्रमाण अधिक. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचे.

पण एवढ्यानेही भागत नाही. एका जातीतले जंतूसुद्धा एकसारखे नसतात. हे समजायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, आपली वाडी पुरे आहे. वसईची केळी आपण मुनव्यापासून लावतो. आईसारखीच मुलगी, मुलीसारखीच नात. बाग कितीही वाढली तरी झाड एकच. रायवळ आंब्याचे तसे नाही. कोय रुजली की दर झाडाचा आंबा निराळा, कारण कोयीत दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. हिवतापाचा जंतू या दोन्ही तऱ्हा वापरतो. माणसाच्या रक्तात तो केळीसारखा वाढतो, एकाचे अनेक, सगळे सारखे. डासाच्या पोटात मात्र नर आणि मादी पेशींचा संयोग होतो. डासाने ज्या माणसाचे रक्त प्यायले त्याच्यात दोन वेगळ्या वंशांचे जंतू असतील, तर त्यांचे गुण तेथे मिसळतात आणि रायवळीसारखी नवीच प्रजा बाहेर पडते. म्हणून जेथे हिवताप फार, तेथे त्याचे वंशही फार.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब करावा. चांगला तंत्रज्ञ रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पन्नासेक जंतू असले तर ते हुडकू शकतो. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. गुणाकार करा. ज्या रोग्याच्या काचपट्टीवर मला जेमतेम एखादा जंतू दिसत असे, त्याच्या अंगात पंचवीस कोटी जंतू असत! फाल्सिपेरमची संपूर्ण जनुकीय लिपी २००२ साली वाचून झाली. चौदा गुणसूत्रे, सुमारे दोन कोटी तीस लाख अक्षरे आणि पाच हजारांहून अधिक जनुके. प्रत्येक विभाजनात ही एवढी पोथी नव्याने उतरून काढायची. कोट्यवधी नकला होताना कोठे ना कोठे अक्षर चुकणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी मात्र जंतूच्या पथ्यावर पडते.

तशी एक चूक जगाला फार महाग पडली. क्लोरोक्वीन हे औषध १९३४ साली जर्मनीत तयार झाले. स्वस्त, सुरक्षित आणि नेमके. जंतू आपल्या तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारे विषारी द्रव्य तो स्फटिक करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्वीन हे स्फटिक होऊ देत नाही आणि जंतू स्वतःच्या जेवणाच्या विषाने मरतो. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात फाल्सिपेरम या औषधाला दाद देईनासा झाला. भारतात ही गोष्ट १९७३ साली आसामातील कार्बी आंगलाँग भागात आढळली आणि पुढे इतरत्र पसरली. कारण मात्र २००० साली उमगले. जंतूच्या अन्नकोशाच्या भिंतीत एक प्रथिन असते. त्याच्या ७६ व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आले की ते प्रथिन औषध बाहेर उपसून टाकते, जशी होडीतले पाणी खलाशी उपसतात. या बदलाला जनुकात एका अक्षराचा फरक पुरतो. आपल्या भाषेत पाहा, "दवा" मधले एक अक्षर बदलले की "हवा" होते!

प्रतिकार करणाऱ्या फाल्सिपेरममध्ये या जागेच्या आसपासची अक्षरे सगळीकडे सारखी नाहीत. भारताच्या बहुतेक भागांत जो साचा सापडतो तो आफ्रिकेतल्या साच्याहून वेगळा आणि पापुआ न्यू गिनीकडच्यासारखा आहे. ईशान्य भारतात आग्नेय आशियाचा साचा दिसतो. म्हणजे जंतूच्या अक्षरांवरून त्याचा प्रवासही वाचता येतो. जसे बोलीवरून कोण आगाशीचा आणि कोण रत्नागिरीचा हे आपण ओळखतो.

फाल्सिपेरमसाठी २०१० मध्ये आपल्या देशाने धोरण बदलले आणि आर्टेमिसिनिन वर्गाचे औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्यास सुरुवात केली. आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू या बाईंना २०१५ साली नोबेल मिळाले. मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. जोडीने देण्यात शहाणपण असे की एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा. पण जोडीदारच निकामी झाला तर? ईशान्य भारतात तसेच झाले, आणि २०१३ मध्ये तेथे जोडीदार बदलावा लागला. खुद्द आर्टेमिसिनिनला उशिरा दाद देणारे जंतू कंबोडियात निघाले, त्यांची जनुकीय खूण २०१४ मध्ये कळली, आणि अलीकडे पूर्व आफ्रिकेतही तशी खूण सापडली आहे. उलट एक दिलासा देणारी हकीकत आफ्रिकेतल्या मलावीची. त्या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन बंद केले, आणि काही वर्षांत तेथले प्रतिकार करणारे जंतू जवळजवळ नाहीसे झाले. औषधाचा मारा नसेल तर ते उपसणारे प्रथिन जंतूला ओझेच होते, असे दिसते.

व्हायवॅक्सवर आपल्याकडे क्लोरोक्वीन अजून चालते. मात्र त्याला दाद न देणाऱ्या व्हायवॅक्सचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी १९९५ मध्येच नोंदवले होते. सुदैवाने ते तुरळक राहिले.

आता घरची एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचे बोलणे कोरडे राहील. २०१२ च्या पावसाळ्यात माझ्या मुलीला व्हायवॅक्स झाला. ती दहावीला होती. काचपट्टी मी स्वतः पाहिली. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन लिहून दिले. क्लोरोक्वीन रक्तातल्या जंतूंना मारते, यकृतात दडलेल्यांना नाही, त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रमजान सुरू होता. पोरीला राहिलेले रोजे धरायचे होते, आणि उपाशीपोटी गोळी घेतली की तिच्या पोटात कळा येत. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "अम्मी, आता ताप कुठे आहे?" मी म्हटले, "बरं, राहू दे." आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे हे मला ठाऊक होते. इफ्तारनंतर भरल्या पोटी गोळी देता आली असती हेही ठाऊक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना जे बजावून सांगायची, ते घरी केले नाही. बकरी ईदच्या आठवड्यात, सहामाही परीक्षा चालू असताना, तिला पुन्हा थंडी भरली. काचपट्टीवर पुन्हा व्हायवॅक्स.

हा यकृतातून उठलेला जुना जंतू, की नव्या डासाने दिलेला नवा? काचपट्टी हे सांगू शकत नाही. जनुकीय तपासणी काही अंशी सांगू शकते. माणसाच्या बोटांचे ठसे असतात तशी जंतूच्या काही जनुकांत वंशागणिक लांबी-रुंदी बदलते. पहिल्या वेळच्या आणि दुसऱ्या वेळच्या रक्तातले ठसे जुळवून पाहतात. फाल्सिपेरममध्ये औषध हरले की नवा डास चावला, हा निवाडा असाच होतो. व्हायवॅक्समध्ये घोटाळा असा की यकृतात एकाच वेळी अनेक वंश दडलेले असू शकतात. ठसा जुळला नाही म्हणून तो नवाच, असे छातीठोक म्हणता येत नाही. आणि यकृतात झोपलेला जंतू रक्ताच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. मुलीचा दुसरा ताप माझ्या चुकीमुळेच आला की नाही हे मला कधीच कळणार नाही.

चौदा दिवसांचाच हट्ट का, असे पालक विचारतात. एके काळी सरकारी कार्यक्रमात प्रायमाक्वीन पाचच दिवस देत असत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात पाच दिवसांचा आणि चौदा दिवसांचा क्रम ताडून पाहिला. पाच दिवसांचा निष्प्रभ ठरला. मात्र प्रायमाक्वीन कोणी आपल्या मनाने घेऊ नये. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात, आणि गरोदर स्त्रिया व एक वर्षाखालील बाळ यांना ती देत नाहीत.

जनुकीय तपासणीची रीत विद्यार्थ्यांना आवडेल अशी आहे. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये ती सुचवली. रक्ताच्या थेंबातला डी.एन.ए. सुमारे ९५ अंशांवर तापवला की त्याच्या दोन दोऱ्या सुटतात. थंड केला की जंतूच्या खास अक्षरांना जुळणारे छोटे तुकडे त्यांवर बसतात. ७२ अंशांवर एक विकर तेथून पुढे नवी दोरी विणते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे एकशे सात कोटी होतात. म्हणून जेथे माझ्या डोळ्याला काही दिसत नव्हते तेथेही हे यंत्र जंतू दाखवते, आणि व्हायवॅक्स व फाल्सिपेरम एकत्र असतील तर तेही सांगते. दवाखान्यातली पंधरा-वीस मिनिटांची पट्टी वेगळी. ती फाल्सिपेरमचे एक विशिष्ट प्रथिन हुडकते. काही जंतूंनी ते जनुकच गाळून टाकले आहे, त्यामुळे पट्टी कोरी राहते आणि रोगी तापाने फणफणतो. प्रथम पेरू देशात आणि नंतर भारतातही काही ठिकाणी असे जंतू आढळले. पट्टी कोरी आली आणि ताप चढउतार करीतच राहिला, तर काचपट्टी जरूर करून घ्यावी. आणि रक्त द्यायचे ते पहिली गोळी पोटात जाण्याआधी. ताप आला की आधी सुई टोचून घ्यायची आणि मग रक्त तपासायचे, ही आपल्याकडची उलटी रीत मी हजारो काचपट्ट्यांवर पाहिली आहे. अर्धवट औषधाने जंतू कमी होतात, दिसत नाहीत, आणि उरतात ते त्यातल्या त्यात चिवट.

वसईविषयी एक शब्द. शहरी हिवताप पसरवणारा डास ॲनॉफिलीस स्टिफेन्सी. तो गटाराचा नव्हे, स्वच्छ पाण्याचा शौकीन. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला तेव्हा बोट विहिरींकडे होते. आपल्या बावखलांत निदान मासे असतात आणि ते डासांच्या अळ्या खातात. नालासोपारा-विरारच्या इमारतींवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामाच्या हौदांत मासे कोण सोडणार? महानगरपालिका २००९ मध्ये झाली, फवारणीच्या गाड्याही येतात, पण गच्चीवरच्या टाकीचे झाकण सोसायटीनेच पाहायचे असते. बांधकामावर कामाला येणारे मजूर कोणाकोणाच्या गावचे वंश रक्तात घेऊन येतात, म्हणून काहीजण त्यांना दोष देतात. हे मला पटत नाही. उघडा हौद त्यांनी मागितलेला नसतो, आणि ताप आला तर रोज बुडेल म्हणून रक्त तपासायला न जाणारेही तेच असतात.

वेळ झाली आहे असे अध्यक्ष साहेब घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. मागच्या टेबलावर मी माझा जुना सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला आहे. त्याखाली दोन काचपट्ट्या आहेत, एक व्हायवॅक्सची आणि एक फाल्सिपेरमची. लाल ठिपक्याच्या निळ्या अंगठीसारखे जे दिसेल तो जंतू. व्हायवॅक्सची तांबडी पेशी फुगलेली असते, फाल्सिपेरमची नसते, आणि त्यात एका पेशीत दोन-दोन अंगठ्याही सापडतील. आधी आठवी-नववीच्या मुली, मग बाकीचे. चष्मा असेल तर काढून पाहा, आणि बाजूच्या चाकाला हात लावायच्या आधी मला हाक मारा.