नवा संगणक अडून बसतो तेव्हा

नव्या वस्तूकडून आपली एक साधी अपेक्षा असते. ती नवी आहे, म्हणून ती निर्दोष असावी. नवे घर गळू नये, नवे घड्याळ मागे पडू नये, नवी सायकल वाटेत अडू नये. त्यामुळे नवा संगणक घरी आणला, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवावयास घेतली आणि अर्ध्या वाटेवर पडदा काळा पडला, किंवा त्यावर एखादे दुर्बोध वाक्य उमटले, म्हणजे माणूस गोंधळून जातो. जुन्या यंत्राने दगा दिला तर त्याच्या वयाकडे बोट दाखविता येते. नव्याने दिला तर बोट कोणाकडे दाखवावयाचे? मग दुकानदाराला बोल लावला जातो, नशिबाला लावला जातो आणि पुष्कळदा घरातील ज्या मुलाने वा मुलीने हौसेने हे काम अंगावर घेतलेले असते, त्यांच्या अकलेलाही लावला जातो. वास्तविक अशा वेळी यंत्र बहुधा बिघडलेले नसते. त्याच्या कोणत्या तरी दोन भागांचे एकमेकांशी जमलेले नसते, एवढेच. ते दोन भाग कोणते, हे क्रमाने शोधून काढता येते. आणि तो क्रम आज मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरातील कारभारी. प्रोसेसर, स्मृती, साठवणीची डिस्क, कळफलक, पडदा या सर्वांकडून वेळच्या वेळी काम करून घेणे, हा तिचा धर्म. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक काम करू लागला. त्या पिढीच्या यंत्रांना आजच्या अर्थाने असा कारभारी नव्हता. तो कारभार माणसालाच पाहावा लागे. पुढे कारभारी आला, आणि त्याच्याबरोबर एक कोडेही आले. हा कारभारी राहतो डिस्कमध्ये. पण डिस्क वाचावयाची कशी, हे तर त्यालाच ठाऊक! मग त्याला जागे करावयाचे कोणी? इंग्रजीत स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याची एक विनोदी कल्पना आहे. संगणक ‘बूट’ होतो असे आपण म्हणतो, तो शब्द तिच्यातूनच आला आहे.

हे कोडे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा मुक्काम असलेला एक लहानसा प्रोग्रॅम सोडवितो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज आली की तो प्रथम जागा होतो, सर्व अवयव हजर आहेत की नाहीत ते पाहतो आणि मग कारभाऱ्याला हाक मारतो. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला, तेव्हापासून हे काम ‘बायोस’ करीत असे. पुढे बायोस अपुरा पडू लागला. २००५ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीसाठी एक मंच स्थापन केला. आजचे नवे संगणक याच पद्धतीने चालतात. जुन्या सवयी आणि नवी पद्धत यांची गाठ पडते, तेथे आपल्या बऱ्याचशा अडचणी जन्म घेतात.

तेव्हा पहिला नियम असा की, पडद्यावरचा संदेश वाचल्यावाचून पुसू नये. तो कागदावर जसाच्या तसा उतरून घ्यावा, किंवा त्याचे छायाचित्र काढावे. ताप आला म्हणजे वैद्य आधी विचारतो, केव्हापासून? आपणही आधी विचारावे, काम कोठपर्यंत पोचले होते? या प्रवासात चार मुक्काम आहेत, आणि प्रत्येक मुक्कामावरचे अडथळे निराळे आहेत.

पहिला मुक्काम जागे होण्याचा. पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. येथे ऑपरेटिंग सिस्टिमचा काडीमात्र संबंध नाही. तिची पाळी अजून आलेलीच नाही. स्मृतीची पट्टी खट् असा आवाज होईपर्यंत बसली आहे ना, प्रोसेसरजवळची वेगळी वीजजोडणी विसरली नाही ना, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना पडद्याची तार मदरबोर्डला जोडली गेली नाही ना, हे पाहावे. पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात. त्यांतला जो पेटून राहील, तो दोष प्रोसेसरपाशी आहे की स्मृतीपाशी, हे दाखवितो. मात्र डीडीआर-५ जातीची स्मृती असेल, तर पहिल्या खेपेस यंत्र तिची जुळणी करण्यात काही मिनिटे घालविते. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. घाईने वीज बंद केली, तर ती जुळणी अर्धवट राहते आणि दोष नसताना दोषाचा शोध सुरू होतो.

दुसरा मुक्काम पेनड्राइव्हचा. यंत्र जागे होते, पण ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टिम चढवावयाची, ती त्याला मान्य होत नाही. याचे नेहमीचे कारण असे की, इंटरनेटवरून उतरविलेली आयएसओ फाइल त्यावर नुसती ठेवून दिलेली असते. ती त्यासाठी असलेल्या साधनाने उलगडून लिहावी लागते. यूईएफआयला फॅट-३२ ही मांडणी वाचता येते. परंतु या मांडणीत चार गिगाबाइटहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल त्याहून मोठी असू शकते. चांगली साधने त्या फाइलचे तुकडे करतात किंवा दुसरी तोड काढतात. हाताने नक्कल करणारा मात्र येथे अडतो. शिवाय उतरविताना फाइल खराब झाली आहे का, हेही पडताळता येते. प्रकाशकाने दिलेला एसएचए-२५६ हा अंक आपल्या फाइलवरून काढलेल्या अंकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. एका अक्षराचाही फरक पडला, तर ती फाइल टाकून द्यावी आणि नवी उतरवावी.

तिसरा मुक्काम डिस्कचा, आणि हाच सर्वांत जोखमीचा. मांडणी सुरू होते, सिस्टिम कोठे चढवू असे ती विचारते, आणि पाहावे तो यादी रिकामी! डिस्क तर नवीकोरी आहे, मग गेली कोठे? इंटेलच्या अकराव्या पिढीचे प्रोसेसर २०२० साली आले, तेव्हापासून अनेक लॅपटॉपांत डिस्क आणि सिस्टिम यांच्यामध्ये ‘व्हीएमडी’ नावाचा एक मध्यस्थ उभा असतो. त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर मांडणीजवळ नसला, तर तिला डिस्क दिसत नाही. तो ड्रायव्हर संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन तेथेच पुरवावा, म्हणजे डिस्क दिसू लागते. फर्मवेअरमध्ये जाऊन तो मध्यस्थ बंदही करता येतो. मात्र डिस्कवर आधीची सिस्टिम नांदत असेल, तर या बदलाने ती उठावयाची थांबेल, हे ध्यानी धरावे. याच जातीचा जुना अनुभव विंडोज ७ चा. ती २००९ सालची. तिच्या मूळ मांडणीला यूएसबी ३ ची ओळख नव्हती. त्यामुळे नव्या यंत्रावर ती सुरू होई, आणि लगेच कळफलक व माऊस दोन्ही निश्चेष्ट होत. यंत्र नवे असेल तर मांडणीही त्याच्या काळातली हवी, हा यातला बोध.

कधी डिस्क दिसते, पण मांडणी तिला नकार देते. डिस्कच्या आरंभी तिच्या विभागांची नोंदवही असते. जुनी वही एमबीआर. तिच्यात चारच मुख्य विभाग लिहिता येतात आणि नेहमीच्या मोजणीने दोन टेराबाइटपलीकडची जागा तिला दिसत नाही. नवी वही जीपीटी. विंडोजचा दंडक असा की, यूईएफआयला जीपीटी हवी आणि जुन्या बायोसला एमबीआर. नकार आला की तज्ज्ञ म्हणविणारे चटकन सांगतात, डिस्क पुसून टाका. श्रोतेहो, येथे हात आखडावा. पुष्कळ यंत्रांच्या बूट-यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसते, एकदा यूईएफआय या नावासह आणि एकदा त्यावाचून. डिस्क जीपीटी असून आपण दुसरी नोंद निवडली असेल, तर परत फिरून पहिली निवडावी, म्हणजे एक अक्षरही न पुसता काम पुढे सरकते.

मी हात आखडावयास सांगतो, त्याला कारण आहे. समजा, नव्या संगणकात जुन्या संगणकाची डिस्कही बसविली आहे. तिच्यावर लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत, गावाकडच्या जमिनीच्या कागदांच्या नकला आहेत, आजीने गायिलेल्या ओव्या कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. मांडणीच्या यादीत या डिस्कचे नाव नुसते ‘डिस्क १’ असे दिसते. मध्यरात्र झाली आहे, डोळे शिणले आहेत, आणि बोट चुकीच्या ओळीवर पडते. संगणक पुन्हा विकत घेता येईल. आजीचा आवाज कोठून आणावयाचा? म्हणून सिस्टिम चढविण्यापूर्वी जुनी डिस्क यंत्रातून सोडवून बाजूला ठेवावी, आणि तिच्यावरचे मोलाचे सर्व काही आधीच दुसरीकडे उतरवून घ्यावे. एवढ्या दक्षतेस पंधरा मिनिटेही लागत नाहीत असे नव्हे. पण ती वाया गेली, असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ कडे वळणारे आता पुष्कळ आहेत. ‘हे यंत्र चालणार नाही’ असा निरोप नवे यंत्र असूनही मिळाला, तर खिन्न होऊ नये. ही सिस्टिम टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक मागते. तो पुष्कळदा फर्मवेअरमध्ये असतोच, केवळ बंद असतो. इंटेलच्या यंत्रांवर पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांवर एफटीपीएम या नावाने तो शोधावा आणि सुरू करावा.

चौथा मुक्काम अखेरचा. फाइली उतरत असता मध्येच काम तुटते, आणि तेही दर खेपेस निराळ्या ठिकाणी. अशा वेळी पेनड्राइव्ह पुन्हा लिहून पाहावी, ती दुसऱ्या छिद्रात लावून पाहावी. स्मृतीचा वेग वाढविणारी एक्सएमपी वा एक्स्पो ही सोय चालू असेल, तर बंद करावी. आणि तरीही भागले नाही तर मेमटेस्टसारख्या साधनाने स्मृतीची परीक्षा घ्यावी. उलट सर्व काही सुरळीत पार पडून, यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तीच मांडणी पहिल्यापासून दिसू लागली, तर तो दोषच नव्हे. यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरूनच उठले आहे. ती काढून घ्यावी, की डिस्कवरची सिस्टिम उठते.

या साऱ्या खटपटीत एक पथ्य मात्र पाळावे. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्यावा. एकदम पाच बदल करणाऱ्याचे काम कधी कधी होऊनही जाते. पण कशाने झाले हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा तितकाच निराधार असतो. क्रमाने जाणाऱ्याला उशीर लागतो, पण तो शिकून उठतो. म्हणून घरातील मुलगी किंवा मुलगा उघड्या यंत्रापुढे कागद-पेन्सिल घेऊन बसला असेल, तर ‘अजून झाले नाही का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोठपर्यंत आले?’ असे विचारावे. काम फत्ते झाल्यावर तो टिपणांचा कागदही फेकू देऊ नका. शेजारच्या घरी कोणाचे तरी यंत्र असेच अडून बसेल, तेव्हा तो उपयोगी पडेल.