वाटी किती मिलिलिटरची?

पत्रिकेवर विषय छापला होता : ‘आहारतज्ज्ञ व्हायचंय? पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा’. व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प, डोंबिवली पूर्वेतल्या एका शाळेचं सभागृह, वेळ संध्याकाळी साडेसहा. ज्यांना खरोखर आहारतज्ज्ञ व्हायचं होतं त्या मुली पुढच्या दोन रांगांत मावल्या. मागे साखर, कोलेस्टेरॉल आणि मोकळी संध्याकाळ असलेली मंडळी. व्याख्यात्या बाईंनी माइक हातात घेत सभागृहावर नजर फिरवली. “विषय या मुलींचा आहे. तुमचे रिपोर्ट पिशवीतच राहू द्यात.” हशा पिकला. दोन पिशव्या मात्र खरंच मांडीवरून खुर्चीखाली गेल्या.

बाईंची उभी नोकरी मुंबईतल्या रुग्णालयांत डाएटिशियन म्हणून झालेली, निवृत्तीनंतर मुक्काम डोंबिवलीतच. त्यांनीही एक पिशवी आणली होती. तिच्यातून सहा स्टीलच्या वाट्या निघाल्या, इमारतीतल्या सहा घरांतून मागून आणलेल्या. सोबत प्लास्टिकचं मापाचं भांडं. एकेक वाटी पाण्याने भरून त्या मापात ओतत गेल्या. पहिलीत ९० मिलिलिटर मावलं, चौथीत १६०, शेवटच्या वाटीने २३० गाठलं. “ही कुणाकडची ते सांगणार नाही. ते आज आलेत.” तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

“डाएटच्या कागदावर लिहिलेलं असतं, दुपारी एक वाटी वरण. कुठली वाटी?” हा प्रश्न पुढच्या दीड तासात त्यांनी निदान दहा वेळा विचारला असेल. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं : ज्याला समोरच्याची वाटी मोजता येत नाही त्याने कुणाचं पथ्य लिहू नये, आणि वाटी मोजायला पुस्तकातून किंवा मोबाइलवर शिकता येत नाही. बाकी सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती फिरलं.

शास्त्राचा इतिहास त्यांनी दोन वाक्यांत उरकला. “मॅकॅरिसनने १९१८मध्ये कुन्नूरला एका खोलीत सुरू केलेलं काम, १९५८मध्ये ती संस्था हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. हे तुम्हाला ठाऊकच आहे.” कुणालाच ठाऊक नव्हतं, पण माना डोलल्या. थांबल्या त्या फक्त या संस्थेच्या बारा मापांच्या संचापाशी. आहार-सर्वेक्षण करणारे घरात जातात, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारतात, आणि आमटी किती, भात किती हे त्या ठरावीक मापांच्या कपांवर दाखवायला सांगतात. पदव्युत्तर वर्गातल्या मुलींना हे आधी कंटाळवाणं वाटतं. मग पहिल्याच घरी एखादी आजी म्हणते, “मी काही खातच नाही गं,” आणि अर्ध्या तासाने वहीत चार चहा, सहा बिस्किटं, उपवासाची साबुदाणा खिचडी आणि देवळातला प्रसाद एवढं जमा होतं.

तिथून त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मूत्रपिंडाच्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. मीठ कमी करा असं ऐकून घरच्यांनी भक्तिभावाने ‘लो सोडियम’ मीठ आणलं. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धड असेल तर ठीक. नसेल तर ते पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. “पुडीवर हृदयाचं चित्र होतं हो!” बाई म्हणाल्या. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, हे सगळं त्या घराला समजवायला तीन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीत कळलं की घरात स्वयंपाक सून करत नाही, पोळीभाजी केंद्रातून डबा येतो. आधीच्या दोन भेटी चुकीच्या माणसाशी बोलण्यात गेल्या होत्या.

डोंबिवलीत ही गोष्ट सगळ्यांना लागली. सकाळी साडेसहाची लोकल धरणारा, दुपारी एकला डबा उघडणारा, रात्री साडेआठला घरी येणारा मधुमेही. त्याला ‘दर दोन तासांनी थोडं थोडं खा’ असं लिहून देणाऱ्याने एकदा ठाण्याला गर्दीच्या वेळी डब्यात चढून दाखवावं, असं बाई म्हणाल्या तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या जोरावर त्यांनी आकडेही सांगून घेतले : २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख.

मग मधल्या रांगेतून, प्रश्नोत्तरांची वेळ नसताना, एका काकांनी विचारलं, “पण मॅडम, एवढं शिकून डॉक्टर नाहीच ना?”

बाईंचा आवाज चढला. “नाही. आणि व्हायचंही नाही!” इथे खरं तर अभ्यासक्रमांची माहिती यायची होती. त्याऐवजी कमला सोहोनी आल्या, आणि वीस मिनिटं गेल्या नाहीत.

माहेरच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाईंचं नाव निघताच मागच्या रांगा सरसावून बसल्या. कमलाबाई मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. एक वर्ष उमेदवारीवर, काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर आत गेल्या. डाळी आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं, आणि त्यानंतर संस्थेचे दरवाजे मुलींसाठी उघडले. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या घटकावर प्रबंध लिहून १९३९मध्ये पीएच.डी. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नीरेचा अभ्यास केला, गरिबाच्या ताटात स्वस्तात काय वाढता येईल या प्रश्नासाठी. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

“प्रबंध केंब्रिजचा, पण लक्ष ताडाच्या झाडाखाली,” बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला थांबल्या. याच क्षणी कार्यवाहांची चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचूनही दाखवली : ‘सात मिनिटे.’

त्या सात मिनिटांत पत्रिकेवरचा विषय आटोपला. पुढच्या रांगेतल्या मुली भराभर लिहीत होत्या. आधी गृहविज्ञान किंवा विज्ञानाची पोषणाशी जुळणारी पदवी. मग एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एम.एस्सी. मुंबईतली जुनी ठिकाणं म्हणजे चर्चगेटचं निर्मला निकेतन आणि जुहूला एसएनडीटीच्या आवारातलं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय. डोंबिवलीकर मुलीसाठी जुहू म्हणजे दादरला पूल ओलांडा, सांताक्रूझला उतरा, पुढे बस. रुग्णालयातली इंटर्नशिप टाळायची नाही. मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा. ही संघटना १९६३ची, पहिले अध्यक्ष डॉ. सी. गोपालन. २०२१च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत बसवलं. “तेव्हा काका, आम्ही कोण ते आता संसदेनेच लिहून ठेवलंय,” असं म्हणून त्यांनी मघाचा हिशेब पुरा केला. काका हसले. बाई तेवढ्या मोकळेपणाने हसल्या नाहीत.

प्रश्नांत पहिला अपेक्षितच होता. डॉ. श्रीकांत जिचकारांचं, दिवसातून दोनदाच जेवायचं सूत्र डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलं. बाईंचं त्यावर मत काय? सभागृहात दोन्ही पक्षांची माणसं होती, कुजबुज सुरू झाली. बाई एवढंच म्हणाल्या, “इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. बाकीच्यांनी मला सांगावं, त्या दोन वेळांना वाटी कुठली?” सुटका झाली.

शेवटचा प्रश्न चाळिशीतल्या एका बाईंचा. त्या दाराशी उभ्याच होत्या. विज्ञान पदवीधर, लग्नानंतर शिक्षण थांबलेलं, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुक्त विद्यापीठातून आहारशास्त्राचं एम.एस्सी. करायचं मनाशी ठरवलं होतं. पैसे साठवले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं की पोषणशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. “तुम्ही म्हणता ते पटतं. पण मी जुहूला रोज कशी जाऊ? सासूबाईंना नळीने भरवते मी. त्यांचं प्रत्येक माप माझ्या वहीत आहे.”

संध्याकाळभर बाईंनी जे ठासून सांगितलं होतं त्यात ही बाई बसत नव्हती, आणि एका अर्थी सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त बसत होती. व्याख्यात्या बाई जरा वेळ वाटीच हातात फिरवत राहिल्या. “नियम मला बरोबर वाटतो,” त्या म्हणाल्या. “रुग्ण न बघता ही पदवी देऊ नये. पण कल्याणच्या पुढे कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या बायकांनी काय करायचं, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला का, ते...” इथे माइकवर आभारप्रदर्शन सुरू झालं. सभागृह साडेआठला रिकामं करून द्यायचं होतं.

दात्यांची नावं, ध्वनिक्षेपकवाले, शाळेचे विश्वस्त, उद्याचा विषय. तोवर व्याख्यात्या व्यासपीठावरून उतरून दाराशी पोहोचल्या होत्या. ती वही खरंच प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये होती. शिपायाने पंखे बंद केले तरी दोघी जिन्याच्या दिव्याखाली उभ्या राहून पानं उलटत होत्या. ‘सकाळी १०, २०० मिली’ या ओळीवर व्याख्यात्या बाईंचं बोट होतं आणि त्या विचारत होत्या, हे गाळून घेतल्यावरचं माप की आधीचं?