संगणक-जाळ्याची निगराणी : आमच्या तरुणांस एक व्यवसाय
(पानशेत येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आंबी नदीवरील ज्या धरणाच्या काठी आपण जमलो आहोत, ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले व पुण्याची वाताहत झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच धरणाखाली या खोऱ्यातील कित्येक घरांची भातखाचरे गेली, याची आठवण मात्र शहरात क्वचितच निघते. जमीन गेल्यापासून, मुलगा दहावी झाला की त्यास पुण्यास कोठे चिकटवावा, ही विवंचना घरोघरी आहे. तिचे एक उत्तर आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

बँक, इस्पितळ, कारखाना, कचेरी, कोठेही जा. तेथील संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात आणि जाळे बंद पडले की काम ठप्प होते. ते चालू ठेवण्यास कारागीर लागतो. कारागीर हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. केबलमधील आठ तारा ठरलेल्या रंगक्रमाने टोकात बसविणे, तांब्याची केबल १०० मीटरांपलीकडे न नेणे, संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू झालेला दिसताच त्यास पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेकडून पत्ता मिळालेला नाही हे ताडणे, या गोष्टी वाचून येत नाहीत. शेतात पाणी आले नाही तर जाणता शेतकरी तडक धरणावर भांडावयास जात नाही; आधी आपला बांध पाहतो, मग चारी, मग पाटाचे दार. येथेही आधी तार, मग स्विच, मग राउटर. ही शोधाची शिस्त ज्यास साधली त्यास अन्न आहे.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतर संगणक हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पुढे शिकाऊ उमेदवारी करता येते. तिचा कायदा धरण फुटले त्याच १९६१ सालचा असून उमेदवारास विद्यावेतन मिळते. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून चालू आहे. तिचे प्रमाणपत्र तीनच वर्षे टिकते आणि प्रश्न इंग्रजीत असतात, हे आधीच सांगितलेले बरे. एमएस-सीआयटी झाली म्हणजे मुलगा संगणकात तयार झाला, असे मानणारे पालक आम्हांस नेहमी भेटतात. ती साक्षरता आहे. केवळ तिच्यावर चरितार्थ चालावयाचा नाही.

आता थोडे कडू बोलतो. हमखास नोकरीची जाहिरात करणाऱ्या एका शिकवणी वर्गात आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने कर्जाऊ पैसे भरले. त्याच्या हाती प्रमाणपत्र आले, परंतु वर्षभरात त्याने राउटरास हात लावला नव्हता. मुलाखतीत त्यास केबल दिली, तेव्हा तो गप्प राहिला. दोष त्याचा नव्हे. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, शिक्षणनिधीतून अशा वर्गांची फी भरण्याची प्रथा मंडळाने बंद करावी आणि त्या पैशातून सरावाचे एक मेज उभारावे. काही सभासदांस हे रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु फी एका मुलाची भरली जाते. मेजावर दर रविवारी दहा मुले-मुली हात चालवितील. मुली हा शब्द चुकून आलेला नाही.

या व्यवसायात आरंभीचा पगार बेताचा असतो व रात्रपाळीही पडते. मुलीची रात्रपाळी म्हणताच घरचे कचरतात. जाण्यायेण्याची सोय पाहूनच होकार द्यावा, परंतु तेवढ्यासाठी शिक्षणच नाकारू नये. पानशेतहून पुणे सुमारे ४० किलोमीटर. पहिले वर्षभर तरी मुलांस शहरात राहण्याची सोय लागेल. तिचा विचार कार्यकारिणीने याच बैठकीत करावा.

मेजास फार खर्च नाही. दोन स्विच, एक राउटर, केबलची टोके दाबण्याचा चिमटा, तार तपासण्याचे यंत्र आणि केबलचे एक भेंडोळे, एवढ्यावर आरंभ होतो. ज्या बंधूंच्या कचेऱ्यांतून जुने स्विच काढून टाकले जातात, त्यांनी वरिष्ठांची परवानगी घेऊन ते भंगारात न देता मंडळाच्या कार्यालयात पोहोचते करावेत.